स्त्रियांचे नवउद्योग : सरकारी मदत नेमकी कोणत्या पायरीवर?

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाची 'स्टार्टअप' म्हणून मान्यता मिळालेल्या उद्योगांची संख्या १ लाख ५७ हजारांवर पोहोचली होती आणि त्यांपैकी ७३ हजारांहून अधिक उद्योगांत निदान एक तरी स्त्री संचालक होती. म्हणजे जवळजवळ निम्मे! आकडा ऐकून आनंद व्हावा असाच आहे आणि तो खोटाही नाही. परंतु 'निदान एक स्त्री संचालक' आणि 'स्त्रीने चालवलेला उद्योग' ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि सरकारी मदतीचा प्रश्न नेमका ह्याच फटीत अडकला आहे असे आम्हांस वाटते.

२०१३ च्या कंपनी कायद्यानुसार खासगी मर्यादित कंपनी स्थापन करावयाची तर किमान दोन संचालक लागतात. पहिला संचालक म्हणजे ज्याच्या डोक्यात कल्पना आली तो. दुसरा कोण? बाहेरचा माणूस घेण्यापेक्षा घरातला बरा, म्हणून पत्नीचे, आईचे किंवा बहिणीचे नाव कागदावर येते. ह्यात बेकायदेशीर काही नाही. कित्येक घरांत ती पत्नी खरोखरच हिशेब सांभाळते, माल तपासते, ग्राहकांशी बोलते. तरीही ह्या ७३ हजारांपैकी किती ठिकाणी निर्णय स्त्रीचा आहे आणि किती ठिकाणी केवळ सही तिची आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आपल्या वाचकांना हा प्रकार अपरिचित नसावा. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामपंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्यावर नेल्या आणि त्याबरोबर आपल्या भाषेत एक नवा शब्द रूढ झाला : सरपंचपती. पुढे पुष्कळ सरपंच स्त्रियांनी स्वतःच्या हिमतीवर कारभार हाती घेतला हेही खरे. पण आरक्षणाने मिळालेली खुर्ची आणि प्रत्यक्ष अधिकार ह्यांत काही वर्षांचे अंतर पडले. उद्योगाच्या क्षेत्रात 'संचालकपती' निर्माण होऊ नयेत, ही दक्षता आरंभीच घ्यावयास हवी.

स्त्रीला आर्थिक मदत देणे ही आपल्या राज्याला नवी गोष्ट नाही. महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना १९७५ सालची. बचत गट गावोगावी पोहोचले आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील कर्जखात्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक खाती स्त्रियांची आहेत, आणि २०२४ च्या अर्थसंकल्पाने, आधीचे कर्ज नीट फेडलेल्यांसाठी, तिची मर्यादा १० लाखांवरून २० लाख रुपये केली. शिवणयंत्र, पिठाची गिरणी, खाणावळ, भाजीचा टेम्पो ह्यांसाठी ही कर्जे उपयोगी पडतात, कारण यंत्र घरी आले की दुसऱ्या महिन्यापासून चार पैसे हाती येऊ लागतात आणि हप्ता भरता येतो.

तंत्रज्ञानाच्या नवउद्योगाचे गणित वेगळे असते. तेथे आधी कल्पना, मग नमुनायंत्र, मग चाचण्या, मग फेरबदल, पुन्हा चाचण्या, त्यानंतर परवाने, आणि ह्या सगळ्या प्रवासात विक्री शून्य! पुण्यातील पेरिविंकल टेक्नॉलॉजीज ह्या कंपनीचे उदाहरण घ्या. वीणा मोकताली ह्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ह्या कंपनीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सोपी करणारे 'स्मार्ट स्कोप' हे हाताळण्याजोगे उपकरण बनवले. असे उपकरण डॉक्टरांच्या हाती द्यावयाचे तर रुग्णालयांतून त्याची परीक्षा व्हावी लागते. ते काम दोन-चार महिन्यांत उरकत नाही. ह्या काळात दरमहा हप्ता मागणारे कर्ज मदत न ठरता गळ्यातला धोंडा ठरते. येथे लागते ते बीजभांडवल : काही अंशी अनुदान, काही अंशी धीर धरणारी गुंतवणूक.

हे भांडवल खासगी गुंतवणूकदार देतीलच की, मग शासनाने मध्ये का पडावे, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर अमेरिकेतील दोन अभ्यासांत सापडते. पहिला २०१४ साली प्रसिद्ध झाला. उद्योगाची एकच कल्पना, एकच मजकूर, एकच चित्रफीत. फरक एवढाच की एका फितीला पुरुषाचा आवाज होता व दुसरीला स्त्रीचा. ऐकणाऱ्यांपैकी सुमारे ६८ टक्के लोकांनी पुरुषाच्या आवाजातली कल्पना पैसे गुंतवण्याजोगी ठरवली. शब्दही बदलला नव्हता!

दुसरा अभ्यास आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. डेना कान्झे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू यॉर्कमधील एका नावाजलेल्या स्पर्धेत २०१० ते २०१६ ह्या काळात गुंतवणूकदारांनी नवउद्योजकांना विचारलेले प्रश्न तपासले. पुरुषांना विचारलेल्या प्रश्नांपैकी ६७ टक्के प्रश्न वाढीचे होते : ग्राहक किती मिळवाल, बाजारपेठ केवढी होईल, पुढची झेप कोणती? स्त्रियांना विचारलेल्या प्रश्नांपैकी ६६ टक्के धोक्याचे होते : असलेले ग्राहक टिकतील कशावरून, खर्च भरून केव्हा निघेल, स्पर्धक आला तर काय? ज्यांना वाढीचे प्रश्न आले त्यांनी पुढे सरासरीने सात पट अधिक भांडवल उभे केले. विशेष म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यांत स्त्रियाही बऱ्याच होत्या आणि त्यांचाही कल हाच होता. तेव्हा निवड समितीवर दोन महिला सदस्य नेमल्या की काम झाले, ही समजूत पुरेशी नाही. प्रत्येक अर्जदारास तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारणे हा त्याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. मुलाखतीस जाणाऱ्या आपल्या मुलींनी ह्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धोक्याच्या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी वाढीच्या भाषेत दिले, म्हणजे 'ग्राहक कसे टिकवाल' ह्या प्रश्नाला 'बाजारपेठ इतकी मोठी आहे की आमचे ग्राहक वाढतच जातील' अशा थाटाने उत्तर दिले, त्यांना पैसे अधिक मिळाले.

ब्रिटनमध्ये २०१९ साली शासकीय ब्रिटिश बिझनेस बँकेच्या अहवालातून असे दिसले की जोखीम-भांडवलाच्या प्रत्येक पौंडातील ८९ पेन्स केवळ पुरुषांनी स्थापन केलेल्या कंपन्यांना, १० पेन्स स्त्री-पुरुष मिश्र कंपन्यांना आणि केवळ स्त्रियांनी स्थापन केलेल्या कंपन्यांना एका पेनीहूनही कमी मिळत होते. आपल्याकडे चित्र ह्याहून फार उजळ असेल, असे मानण्यास आम्हांस काही कारण दिसत नाही.

भारताचा इतिहासही हेच सांगतो. किरण मजुमदार ह्यांनी १९७८ साली बंगळूरच्या एका गॅरेजमध्ये दहा हजार रुपयांवर बायोकॉन सुरू केली तेव्हा त्या पंचविशीत होत्या. मद्यनिर्मितीचे शास्त्र त्या ऑस्ट्रेलियात शिकून आल्या होत्या, पण त्या क्षेत्रात स्त्रीला नोकरी द्यावयास येथे कोणी तयार नव्हते. आणि पुढे कर्ज द्यावयासही बँका कचरत होत्या. १९८७ साली नारायणन् वाघुल ह्यांच्या पाठिंब्यामुळे सुमारे अडीच लाख डॉलरचे जोखीम-भांडवल त्यांना मिळाले व संशोधनाचा विस्तार करता आला. वाघुल ज्या आयसीआयसीआयचे प्रमुख होते ती त्या काळी व्यापारी बँक नव्हती, उद्योगांना दीर्घ मुदतीचे वित्त पुरवण्यासाठी उभारलेली विकास-वित्तसंस्था होती. आपल्या गिरगावातील लिज्जत पापडाची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे : १९५९, सात बायका, उसने ८० रुपये. मात्र त्या गोष्टीचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. १९६६ साली खादी ग्रामोद्योग आयोगाने संस्थेस मान्यता देऊन ८ लाख रुपयांचे खेळते भांडवल आणि करसवलत दिली. त्या ८ लाखांवाचून लिज्जत आज कोठे असती हे सांगता यावयाचे नाही; परंतु केवळ हिमतीची कथा म्हणून ती सांगणे अपुरे आहे, एवढे निश्चित.

आता आजच्या योजनांकडे वळू. त्या एकेक वाचल्या तर उदार वाटतात. एका व्यक्तीच्या पावलांनी चालून पाहिल्या की त्यांतले खड्डे दिसतात. म्हणून आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, पाचूबंदरच्या कोळीवाड्यातील एक मुलगी अभियांत्रिकीची पदवी घेऊन घरी आली आहे. अवकाळी पावसाची एक सर आली की मांडवावर वाळत घातलेले बोंबील कसे वाया जातात, हे तिने लहानपणापासून पाहिले आहे. तिला सौरऊर्जेवर चालणारे, आर्द्रता ओळखून आपोआप झाकले जाणारे सुकवणीयंत्र बनवावयाचे आहे. ही कल्पना हवेतली नाही. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतून, म्हणजे जुन्या यूडीसीटीतून, बाहेर पडलेल्या तरुण-तरुणींनी स्थापिलेल्या एस४एस टेक्नॉलॉजीज ह्या कंपनीने शेतमाल सुकवण्याच्या सौरयंत्रावरच काम उभे केले. तिच्या सहसंस्थापकांत निधी पंत आहेत आणि २०२३ साली त्या कंपनीस अर्थशॉट हे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

तर आपल्या ह्या मुलीपुढे पहिली पायरी नमुनायंत्राची. येथे केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास ही योजना आहे. तीतून १० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. हे पैसे थेट मंत्रालयातून येत नाहीत, इन्क्युबेशन केंद्रातून येतात. अशी नावाजलेली केंद्रे म्हणजे मुंबईच्या आयआयटीतील 'साइन' (स्थापना २००४) किंवा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील 'व्हेन्चर सेंटर' (२००७). वसईहून पवईला रोज जाणे-येणे हा काय प्रकार आहे, ते वाचकांना सांगावयास नको. ज्या मुलीला रात्री नऊच्या आत घरी पोहोचण्याची ताकीद असते, तिच्यासाठी प्रयोगशाळेचे अंतर किलोमीटरांत मोजून चालत नाही.

नमुनायंत्र तयार झाले. दुसरी पायरी चाचणीची. २०२१ साली केंद्राने स्टार्टअप इंडिया बीजनिधी योजना चार वर्षांसाठी ९४५ कोटी रुपयांची तरतूद करून आणली. तिच्यातून २० लाखांपर्यंत अनुदान टप्प्याटप्प्याने, आणि बाजारात उतरताना ५० लाखांपर्यंत कर्ज अथवा परिवर्तनीय रोख्यांच्या रूपाने साहाय्य अशी सोय केलेली होती. योजना चांगली होती, असेच आमचे मत आहे. पण तीत एक अट होती : अर्ज करतेवेळी कंपनीची नोंदणी होऊन दोन वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा. बोंबील सुकवण्याचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि पुढच्या मासेमारीबंदीपूर्वी संपतो. म्हणजे दोन वर्षे म्हणजे दोन हंगाम. पहिल्या हंगामात यंत्र बिघडले, दुसऱ्या हंगामात तिचे लग्न झाले किंवा बाळंतपण आले, की मुदत संपली. नोकरदार स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची प्रसूतिरजा मिळते. संस्थापिकेच्या बाबतीत योजनेचे घड्याळ त्या २६ आठवड्यांतही चालूच राहते. बाळंतपणाचा काळ मुदतीतून वगळावा, एवढी एक ओळ पुढच्या योजनेत घालावयास एक पैसाही लागणार नाही.

तिसरी पायरी राज्याची. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजना' आणली. नाव सार्थ आहे. अहिल्यादेवींनी माहेश्वरला विणकर आणून वसवले आणि त्यांच्या हातमागाला आश्रय दिला, तेही एक प्रकारचे सरकारी बीजभांडवलच होते. ह्या योजनेतून १ लाखापासून २५ लाखांपर्यंत एकरकमी अर्थसाहाय्य मिळू शकते आणि तरतुदीचा चौथा हिस्सा मागासवर्गीय स्त्रियांसाठी राखलेला आहे. मात्र पात्रतेच्या अटींनुसार उद्योग किमान एक वर्ष चालू असला पाहिजे आणि त्याची वार्षिक उलाढाल १० लाख ते १ कोटी रुपयांच्या दरम्यान असली पाहिजे. 'प्रारंभीच्या टप्प्यातील' उद्योगांसाठी असलेली ही योजना! आपल्या पाचूबंदरच्या मुलीने अजून एकही यंत्र विकलेले नाही. दहा लाखांची उलाढाल झाली असती तर तिचा सर्वांत कठीण काळ मागे पडला असता. ही अट घालण्यामागचा हेतू आम्ही समजू शकतो. कागदी कंपन्यांनी अनुदान उचलून नाहीसे होऊ नये म्हणून ती आहे. परंतु चोराला अडवण्यासाठी दार इतके उंचावर बसवले की घरच्याच माणसाला चढता येत नाही. विक्रीऐवजी चालते नमुनायंत्र, एखाद्या प्रयोगशाळेचा अहवाल किंवा मच्छीमार सहकारी संस्थेने 'आम्ही हे यंत्र वापरून पाहिले' असे दिलेले पत्र पुरावा म्हणून का चालू नये?

चौथी पायरी मोठ्या निधीची. २०१६ साली सिडबीमार्फत उभारलेल्या १० हजार कोटींच्या 'फंड ऑफ फंड्स'मध्ये दहा टक्के वाटा स्त्रियांच्या नवउद्योगांसाठी राखल्याचे शासनाने जाहीर केले, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात तेवढ्याच रकमेचा नवा निधी घोषित झाला. येथे एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. सिडबी हा पैसा कोणत्याही कंपनीत थेट घालत नाही. ती तो खासगी गुंतवणूक-निधींना देते व ते निधी कंपन्या निवडतात. म्हणजे पैसा जनतेचा असला तरी निवड पुन्हा त्याच गुंतवणूकदारांची, ज्यांच्या प्रश्नांचे नमुने आपण वर पाहिले.

ह्या सर्व योजनांत 'स्त्रीचा उद्योग' कशास म्हणावे, ह्याची कसोटी बहुधा भागभांडवलाची असते : ५१ टक्के. राज्याच्या अहिल्यादेवी योजनेत हीच अट आहे, आणि २०१६ ते २०२५ ह्या काळात राबवल्या गेलेल्या स्टँड-अप इंडिया कर्जयोजनेतही कंपन्यांसाठी तीच होती. शिवणकामाच्या कारखान्याला ही कसोटी ठीक आहे. तंत्रज्ञानाच्या कंपनीत मात्र प्रत्येक नवा गुंतवणूकदार आला की संस्थापकांचा वाटा कमी होत जातो; दुसऱ्या-तिसऱ्या फेरीअखेर स्वतः कंपनी जन्माला घालणारी स्त्री ५१ टक्क्यांखाली येणे स्वाभाविक आहे. म्हणजे जी यशस्वी झाली ती अपात्र. वर्गमित्राबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत कंपनी काढणारीही अपात्र. आणि जिच्या नावावर तिच्या पतीने ५१ टक्के भाग लिहून दिले व सर्व निर्णय स्वतःकडे ठेवले, ती मात्र पात्र! युरोपीय संघाने २०२१ साली 'विमेन टेकइयू' हा उपक्रम काढला. त्यात निवडलेल्या कंपनीस ७५ हजार युरोचे अनुदान व अनुभवी मार्गदर्शक मिळतो. तेथे भर पदावर आहे : संस्थापक वा सहसंस्थापक स्त्रीने मुख्य कार्यकारी किंवा मुख्य तंत्र अधिकारी अशा सर्वोच्च जागेवर प्रत्यक्ष काम करीत असले पाहिजे. पदाची कसोटीही फसवता येते, हे आम्ही नाकारत नाही. पण तंत्राविषयीचे चार प्रश्न समोरासमोर विचारले की कोण काम करते ते दहा मिनिटांत उघड होते. भागपत्रकावरून ते दहा वर्षांतही होत नाही.

अनुदानाहूनही मोलाची मदत एक आहे, ती म्हणजे पहिली मागणी. शासनाने स्वतः ग्राहक व्हावे. २०१८ पासून सुरू झालेल्या महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या २४ नवउद्योगांना १५ लाखांपर्यंतचे कामाचे आदेश देण्याची पद्धत पडली. आमच्या मते राज्याने केलेल्या प्रयोगांपैकी हा सर्वांत शहाणपणाचा आहे, कारण त्यातून पैसाही मिळतो आणि 'आमचे यंत्र सरकारी खात्यात चालू आहे' असे पुढच्या ग्राहकाला सांगता येते. केंद्राच्या खरेदी धोरणातही २०१८ पासून सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घ्यावयाच्या २५ टक्के खरेदीत ३ टक्के स्त्रियांच्या उद्योगांसाठी आहेत. अडचण देयकांची. ह्या लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे. तरी बिल घेऊन कार्यालयांच्या पायऱ्या चढण्याचा अनुभव आपल्या भागातील कोणाही लघुउद्योजकाला विचारून पाहावा. मोठी कंपनी सहा महिने थांबू शकते, तीन माणसांची कंपनी तेवढ्यात बंद पडते.

ह्यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. नवउद्योगांपैकी बहुतेक टिकत नाहीत. मग शाळांची छपरे गळत असताना जनतेचा पैसा अशा जुगारात का घालावा? आम्हीही हा प्रश्न स्वतःस विचारला. पण हा जुगार शासन आजही खेळतेच आहे. करसवलती, निधी, जागा, प्रयोगशाळा ह्या रूपांनी जनतेचा पैसा नवउद्योगांत जातोच. वाद एवढाच की तो कोणाकडे जातो. शिवाय स्त्रियांकडे गेलेला पैसा अधिक बुडतो असा पुरावा नाही. उलट अमेरिकेत २०१८ साली बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने ३५० नवउद्योग तपासले, त्यांत गुंतवलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्त्री संस्थापक असलेल्या कंपन्यांनी ७८ सेंट उत्पन्न मिळवले, तर पुरुषांच्या कंपन्यांनी ३१ सेंट. एका अभ्यासावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण 'बायकांना व्यवहार जमत नाही' हे सांगणाऱ्यांपाशी तेवढाही अभ्यास नसतो. मदत मिळूनही कंपनी बंद पडली, तर त्या संस्थापिकेला दुसऱ्यांदा अर्ज करता यावा; पहिल्या अपयशात ती जे शिकली त्याची किंमत शासनाने आधीच मोजलेली असते.

राहता राहिली घरची गोष्ट. बँक तारण मागते. तारण म्हणजे बहुधा जमीन किंवा घर. आपल्या ख्रिस्ती समाजास १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता वडील वारले व आई हयात असेल, तर आईस एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांना समान. मुलगा-मुलगी असा भेद त्या कायद्यात नाही. शंभर वर्षे हा कायदा आपल्यापाशी आहे. आणि तरीही वारसनोंदीच्या वेळी तलाठ्याकडे जाण्यापूर्वी मुलीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. तिच्या लग्नात खर्च झालाच आहे, भावाशी वाकडेपणा नको, असे सांगून. बहुतेक मुली सही करतात. वसईच्या पट्ट्यात आज एका गुंठ्याचा भाव काय आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी त्या सहीची किंमत स्वतःच करावी.

ह्याच वसईत १९१८ साली मोन्सिनियर पी. जे. मोनीस ह्यांच्या पुढाकाराने बॅसीन कॅथोलिक सहकारी बँकेचा पाया घातला गेला, कारण इतरत्र पत नसलेल्या माणसांना पत हवी होती. आज पत नसलेली व्यक्ती म्हणजे पदवी असलेली, कल्पना असलेली आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली मुलगी. मुद्राच्या २० लाखांपर्यंत तिला तारण लागत नाही. त्यापुढच्या रकमेसाठी बँकेने तारण मागितले की ती भावाकडे जाते, आणि जी जमीन तो गहाण ठेवू शकतो किंवा नाकारू शकतो, तिच्यात तिचाही तेवढाच वाटा होता.